रुमाल बांधून तपासणी

"डोळे बांधून करून दाखवतो, मॅडम," घारसाहेब म्हणाले, आणि तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण छातीठोक माणसाचं असंच असतं, एकदा छाती ठोकली की ती पुन्हा ठोकून बघावीशी वाटते. "डोळ्यांनी कमी दिसणारा असो, कानांनी कमी ऐकणारा असो, हातात जाड मोजे घातलेला असो, आपलं ॲप कुणालाही वापरता येतं. मी जातीने तपासतो. एका दुपारचं काम आहे."

मॅडम म्हणजे त्या बादल्यांच्या कारखान्याच्या मॅनेजर. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "बघा हं. वरून विचारलंय म्हणून म्हणते. नवीन ॲप सगळ्यांना वापरता येतं की नाही हे तपासल्याशिवाय चालू करायचं नाही, असा निरोप आहे. आणि तपासणी नीट झाली तर कंपनीच्या सगळ्या कारखान्यांच्या सुरक्षेवर तुमचं नाव सुचवायचं माझ्या मनात आहे."

झालं! घारसाहेब केबिनमधून बाहेर पडले ते जमिनीला पाय न लावता. जिना उतरता उतरता त्यांनी बायकोला फोन करून ही बातमी सांगितली, आणि बायकोने आपल्या भावाला सांगितली. म्हणजे आता माघार घ्यायची सोय राहिली नव्हती.

घारसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते कारखान्याचे सुरक्षा अधिकारी होते आणि त्यांची नजर घारीची होती. बादल्यांच्या शेडच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाच्या हेल्मेटचा पट्टा सुटलेला ते ओळखायचे. तिकडे वर लोखंडी मचाणावर कुणी विडी काढली, तर पेटवायच्या आत इकडून ओरडा पोचायचा. कामगार त्यांना भ्यायचे, मागे हसायचे, पण मानायचेही. ‘घारीला सगळं दिसतं,’ असं नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. हे वाक्य कानावर पडलं की घारसाहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

फक्त एक गोष्ट कुणाला माहीत नव्हती. लांबचं त्यांना अजून घारीसारखंच दिसत होतं, पण जवळचं दिसायचं बंद झालं होतं. हातातलं वर्तमानपत्र म्हणजे त्यांना मुंग्यांची रांग वाटायची. पन्नाशीनंतर हे कुणालाही होतं आणि माणसं निमूटपणे चष्मा लावतात. पण घारीने चष्मा कसा लावायचा? चष्मेवाल्याकडे जाऊन, नंबर काढून, चष्मा करायला टाकून ते आले होते, पण आणायला मात्र गेले नव्हते. आज जातो, उद्या जातो, असं करत दोन महिने झाले. तोवर त्यांनी नाना युक्त्या काढल्या. कुणी कागद पुढे केला की म्हणायचे, "तुम्हीच वाचा, मला तुमचा विचार ऐकायचाय." सही करायची असली की लांबूनच झोकात ठोकून द्यायचे. आणि रोज सकाळच्या फेरीत आग विझवायच्या प्रत्येक लाल सिलिंडरसमोर उभं राहून, त्याचा दाब दाखवणाऱ्या छोट्याशा काचेच्या तबकडीवर बोटाच्या पेराने टक् करून वाजवायचे आणि "ठीक" म्हणायचे. काटा हिरव्यात आहे की तांबड्यात, हे त्या टक् मधून त्यांना कळतं अशी लोकांची समजूत होती. लोकांची असं म्हणतोय खरं, पण हळूहळू त्यांची स्वतःचीही तीच समजूत झाली होती.

आता ॲपचं सांगायला हवं. कामगाराला कुठे धोका दिसला, तेल सांडलंय, वायर उघडी पडलीय, तर त्याने फोनवरून कळवायचं. आणि आगबीग लागली तर खालचं मोठं तांबडं बटण. ते दाबलं की सगळ्या शेडमधले भोंगे वाजणार, सगळ्यांनी कामं टाकून पटांगणात जमायचं. शिवाय ज्याने ते बटण दाबलं त्याचा फोन कारखान्यातल्या सगळ्या स्पीकरना जोडला जायचा, म्हणजे त्याला सर्वांना सूचना देता येतील. ही कल्पना खुद्द घारसाहेबांची. अक्षरांचा फिका राखाडी रंगही त्यांनीच पसंत केला होता. "डोळ्यांना त्रास नाही," असं त्यांचं मत होतं, आणि त्यांच्यापुरतं ते खरंच होतं, कारण ती अक्षरं त्यांना दिसतच नव्हती.

मग डोळे बांधून तपासणी करायची ही अक्कल कुठून आली? तर तीही यातूनच आली. डोळ्यांवर रुमाल बांधला की वाचायचा प्रश्नच मिटला! कुणी म्हणणार नाही, "साहेब, जरा वाचून दाखवा." रुमालामागे घार काय आणि घुबड काय, सगळे सारखेच. मॅडमसमोर अख्खी दुपार त्यांना काही वाचावं लागणार नव्हतं. अशी सुखाची दुपार त्यांच्या वाट्याला कितीतरी दिवसांत आली नव्हती.

फोन बोलका कसा करायचा हे मात्र त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते फोनताईंकडे गेले. फोनताई दाराशी बसून कारखान्याचे सगळे फोन सांभाळायच्या. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं, आणि त्यांच्या तोंडाला लागायची हिंमत कारखान्यात फारशी कुणाला नव्हती.

"तपासणी करताय? मग माझ्याकडेच द्या की," त्या म्हणाल्या. "मी दिवसभर बोलक्या फोनवरच असते. दहा मिनिटांत तुमच्या ॲपची खोड सांगते."

"कशाला तुम्हाला त्रास, ताई. मी करतो ना. फक्त चालू कसं करायचं तेवढं सांगा."

"सेटिंगमध्ये जा, म्हणजे मीच नेते, द्या इकडे. हं, हे झालं चालू. आता नीट ऐका. एकदा बोट लावलं की तो फक्त नाव सांगतो. दोनदा लागोपाठ टकटक केलं की बटण खरंच दाबलं जातं. आणि बंद करायचं असलं की..."

"कळलं, कळलं," घारसाहेब म्हणाले आणि निघाले. कुणाचंही बोलणं अर्ध्यावर समजतं, हा त्यांचा आणखी एक लौकिक होता.

जाता जाता त्यांना आठवलं की ॲपच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी असते, ती सरकवली की सराव सुरू होतो, म्हणजे मग काही दाबलं तरी खरा भोंगा वाजत नाही. त्यांनी अंदाजाने कोपरा गाठला. फोन "सराव" असं काहीतरी पुटपुटला, यांनी लगेच टकटक करून पट्टी सरकवली आणि निर्धास्त झाले. पट्टी आधीपासूनच सरावावर होती हे त्यांना कसं कळणार? त्यांनी ती सरावावरून काढली होती.

दुपारी मॅडमच्या केबिनमध्ये घारसाहेबांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, झटकला आणि डोळ्यांवर बांधला.

"फोनताईंना दाखवलंत का ॲप?" मॅडमनी विचारलं.

"त्यांच्याशी सविस्तर चर्चा झाली," घारसाहेब रुमालाआडून म्हणाले. "फोन सरावावर टाकलाय. आता समजा मला काहीही दिसत नाही. आणि समजा फरशीवर तेल सांडलंय. तर मी ते कळवणार."

त्यांनी फोनवर बोट ठेवलं.

"नाव नसलेलं बटण," फोन म्हणाला. आवाज बाईचा, सपाट, कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखा.

घारसाहेबांनी बोट हलवलं. "नाव नसलेलं बटण." आणखी खाली नेलं. "नाव नसलेलं बटण."

"सगळ्यांची नावं तीच आहेत का?" मॅडम म्हणाल्या.

"सवयीचा भाग आहे, मॅडम. धोका कळवायचं बटण खाली आहे, मला पाठ आहे." आणि घारसाहेबांनी खालच्या सगळ्यात ऐसपैस बटणावर ठामपणे टकटक केलं.

क्षणभर काही झालं नाही. मग कारखान्यातले सगळे भोंगे एकदम बोंबलले!

मॅडम खुर्चीतून उडाल्या. खाली शेडमध्ये यंत्रांची घरघर एकेक करून बंद पडत गेली, पायऱ्यांवर बुटांचा धडधडाट सुरू झाला. घारसाहेबांनी घाईने रुमाल सोडला. फारसा फरक पडला नाही. फोनची काच तशीच धुरकट पांढरी होती आणि तिच्यावर राखाडी मुंग्या होत्या.

"तुम्ही तर सराव म्हणाला होतात," मॅडम म्हणाल्या.

"सरावच आहे," घारसाहेब म्हणाले.

"सरावच आहे," कारखान्यातले सगळे स्पीकर म्हणाले.

फोन आता स्पीकरना जोडला गेला होता. घारसाहेबांचा प्रत्येक शब्द आणि त्यांच्या बोलक्या फोनचाही प्रत्येक शब्द भोंग्याच्या मधल्या मधल्या थांब्यांत शेडोशेडी घुमत होता. पटांगणाकडे निघालेली माणसं ‘सरावच आहे’ ऐकून थबकली, मग भोंगा पुन्हा बोंबलला तशी पळत सुटली.

"ताबडतोब मागे घ्या," मॅडम म्हणाल्या. "यंत्रांमध्ये तापलेलं प्लॅस्टिक आहे. गार होऊन आत घट्ट बसलं तर ते खरवडून काढायला दोन दिवस जातील. मी यंत्रांकडे बघते, तुम्ही भोंगा बंद करा." आणि त्या धावत खाली गेल्या.

भोंगा मागे घ्यायची सोय ॲपमध्ये होती. चार लहान बटणं काचेवर आली होती, प्रत्येकाखाली दोन-दोन शब्द लिहिले होते. घारसाहेब जिना उतरत पटांगणात आले. उन्हात काच आणखीच पांढरी झाली. त्यांनी फोन लांब धरला. हात संपला, तरी अक्षरं लागेनात. देवाने माणसाला हात आणखी वीतभर लांब द्यायला काय हरकत होती, असं त्यांना मनापासून वाटलं.

एव्हाना सगळा कारखाना पटांगणात रांगा करून उभा होता. एक तरणा मशीनवाला पुढे येऊन म्हणाला, "साहेब, मी बघू का?"

घारसाहेबांनी फोन छातीशी धरला. "नको. नेटवर्कचा प्रश्न आहे."

"नेटवर्कचा प्रश्न आहे," स्पीकर म्हणाले. रांगेत खसखस पिकली.

तेवढ्यात पांढरी काठी टेकत फोनताई आल्या. "कोण आहे तिथे? घारसाहेब ना? द्या इकडे," म्हणत त्यांनी फोन हातात घेतला आणि सराईतपणे बोट फिरवलं.

"नाव नसलेलं बटण. नाव नसलेलं बटण. नाव नसलेलं बटण. नाव नसलेलं बटण," पटांगण घुमलं.

"चार आहेत आणि चारही अनाथ," फोनताई म्हणाल्या. "तुमच्या ॲपवाल्याने एकाचंही बारसं केलेलं नाही. मला कसं कळणार कुठलं काय करतं? पण तुम्हाला दिसतंय ना, मग सोपं आहे. प्रत्येकाखाली काय लिहिलंय ते वाचून सांगा. टकटक करायचं माझ्याकडे लागलं."

वाचून सांगा. एवढंच.

सगळा कारखाना ऐकत होता. चार बटणं, म्हणजे आठ शब्द, म्हणजे पहिलीतलं पोरही वाचेल. ‘मला दिसत नाही, ताई,’ एवढं वाक्य ओठांपर्यंत आलं. पण समोर ज्यांना आयुष्यभर हेल्मेटच्या पट्ट्यांवरून झापलं, ती सगळी माणसं उभी होती, आणि ओठांपर्यंत आलेलं वाक्य त्यांनी गिळलं. ही गोष्ट लपवण्यात आपण काय गहाण टाकतोय हे त्यांना त्या क्षणी थोडंफार कळलं होतं. तरीही गिळलं.

"पहिलं," ते म्हणाले.

"पहिलं म्हणजे मागे घ्यायचं? नक्की?"

"आता मी सांगतोय ना."

फोनताईंनी टकटक केलं. भोंगा तसाच चालू राहिला. फोनमध्ये रिंग वाजली आणि स्पीकरमधून एक पुरुषी आवाज आला, "अग्निशमन दल. पत्ता मिळालाय, गाडी निघाली आहे. आत कुणी अडकलंय का?"

रांगेतल्या सगळ्या माना धूर शोधायला शेडकडे वळल्या.

"कुणी अडकलेलं नाही," घारसाहेब कसेबसे म्हणाले. "आग नाहीये."

"भोंगा तर ऐकू येतोय. घाबरू नका, आलोच," आवाज म्हणाला आणि फोन ठेवला गेला.

फोनताई हळूच म्हणाल्या, "साहेब, पहिल्याखाली खरंच ‘मागे’ लिहिलं होतं की तुम्ही..."

पण त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. फोन किणकिणला. बोलक्या फोनची एक रीत असते, नवा निरोप आला की तो न विचारता वाचून दाखवतो. फोनताईंना ते माहीत होतं. तेच तर त्या सकाळी सांगणार होत्या, बंद करायचं असलं की काय करायचं ते.

"बायको," सगळे स्पीकर सपाट आवाजात म्हणाले. "चष्मेवाल्याचा परत फोन आला होता. तुमचा चष्मा तयार होऊन दोन महिने झाले. आज घेऊन आल्याशिवाय घरी येऊ नका."

घारसाहेबांनी फोनवर झडप घातली. त्यांचं बोट कुठेतरी लागलं. "नाव नसलेलं बटण," स्पीकर म्हणाले. मग पुन्हा किणकिणलं.

"बायको. परवा लग्नपत्रिका तुम्ही वाचलीत. मला पक्कं दिसतंय म्हणालात. आपण भलत्याच लग्नात जेवून, आहेर देऊन, नवरा-नवरीला आशीर्वाद देऊन आलो. माझा भाऊ अजून विचारतोय तुम्ही का आला नाहीत. मी काय सांगू."

रांगेत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळी माणसं नजर खाली करून आपापल्या बुटांकडे बघत होती, आपल्याच बापाची फजिती बघावी लागली की माणूस बघतो तसं. त्याने घारसाहेबांना जास्त लागलं. त्यांच्या चेहऱ्याला कुणी गरम इस्त्री लावल्यासारखं झालं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं, पण धरणीवर कारखान्याचं जाड काँक्रीट होतं आणि ते पक्कं आहे असा शेरा त्यांनीच दिला होता.

किणकिणलं. "बायको. आणि बढतीचं माझ्या भावाला सांगून झालंय. निदान ते तरी नीट पार पाडा."

कँटीनच्या मावशी गर्दीतून वाट काढत आल्या. कणकेचे हात त्यांनी पदराला पुसले, गळ्यातल्या दोरीला लोंबकळणारा आपला चष्मा डोक्यावरून काढला आणि घारसाहेबांसमोर धरला. गुलाबी काड्यांचा होता, एका काडीला चिकटपट्टी लावलेली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "भाजीत खडे बघायला वापरते मी. चांगलं दिसतं."

"मावशी, खरंच तशी काही..."

"साहेब, चूल चालू ठेवून आलेय. घाला लवकर."

घारसाहेबांनी चष्मा घातला. दोरी कानामागून मानेवर आली. फोनची काच एकदम स्वच्छ झाली, जशी काही आतून कुणी पुसली. चार बटणं, आठ शब्द, एकेक अक्षर सुटं सुटं. ती अक्षरं किती बारीक आणि किती फिकी आहेत, हेही त्यांना पहिल्यांदाच दिसलं.

"पहिलं, ‘अग्निशमन दल’," त्यांनी वाचलं. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "दुसरं, ‘रुग्णवाहिका बोलवा’. तिसरं, ‘स्पीकर बंद’. चौथं, ‘भोंगा मागे’."

"चौथं," फोनताई म्हणाल्या, टकटक केलं आणि फोन घारसाहेबांच्या हातात परत दिला. भोंगे थांबले. इतकी शांतता झाली की कँटीनमध्ये उतू जाणारं काहीतरी ऐकू आलं आणि मावशी पळाल्या. जाताना चष्मा मागायचं त्यांना सुचलं नाही. स्पीकर बंद करायचं तिसरं बटण दाबायचं कुणालाच सुचलं नाही.

मग बंब आला. लाल, चकचकीत, घंटा वाजवत. त्यातून दलाचे प्रमुख उतरले, मोठ्या मिशांचे, शांत. मॅडम एव्हाना कोपरापर्यंत काळे हात घेऊन शेडमधून आल्या होत्या. त्यांनी सगळं सांगून माफी मागितली. घारसाहेब गुलाबी चष्म्यातून जमिनीकडे बघत उभे होते.

"होतं असं," प्रमुख म्हणाले. "खोट्या भोंग्याला आम्ही रागवत नाही. पण आलोच आहोत तर तुमची तयारी बघून जातो. सुरक्षा अधिकारी कोण?"

मॅडमनी नुसती घारसाहेबांकडे मान वळवली. प्रमुख घारसाहेबांना घेऊन पटांगणाच्या भिंतीशी गेले. तिथे खुंटीला लाल सिलिंडर लटकत होता.

"हा तपासलेला आहे?"

"रोज तपासतो," घारसाहेब म्हणाले, आणि हात सवयीने पुढे गेला. टक्. "ठी..."

त्यांच्या नाकावर मावशींचा चष्मा होता. तबकडी वीतभर अंतरावर होती. काटा हिरव्यात नव्हता. हिरव्याच्या जवळपासही नव्हता. तो पार तळाला, तांबड्यात पडलेला होता आणि तिथे बरेच दिवस मुक्काम असल्यासारखा दिसत होता.

प्रमुख थोडे मागे उभे होते, ते पंप कुठे आहे हे बघत होते. तबकडी फक्त घारसाहेबांना दिसत होती. ‘ठीक’ हा शब्द अर्धा बाहेर पडलाच होता, उरलेलं अर्धं सहज ढकलता आलं असतं. रात्रीतून सिलिंडर बदलून टाकला असता तर कुणाला कळलं असतं? पण त्यांच्या डोळ्यांसमोर एकदम शेडचं ते दुसरं टोक आलं, हेल्मेटचा पट्टा न लावणारी ती माणसं, मचाणावरचा विडीवाला. खरी आग लागली असती तर यातलं कुणीतरी धावत येऊन हाच सिलिंडर उचलून नेणार होतं, घारीने तपासलाय म्हणून. इतका वेळ त्यांना लाज वाटत होती ती लोक बघताहेत म्हणून. आता कुणी बघत नव्हतं, तरी ती जाईना.

"रिकामा आहे," ते म्हणाले.

"काय म्हणालात?" प्रमुखांनी विचारलं.

"रिकामा आहे. मीच रोज ठीक म्हणत होतो. मला काटा दिसतच नव्हता."

"मला काटा दिसतच नव्हता," सगळे स्पीकर म्हणाले.

शेडकडे परत निघालेला सगळा कारखाना जागच्या जागी थांबला. घारसाहेबांनी हातातल्या फोनकडे पाहिलं. तिसरं बटण, ‘स्पीकर बंद’, अगदी स्वच्छ दिसत होतं. त्यांनी ते दाबलं. "नाव नसलेलं बटण," फोन म्हणाला. टकटक करायचं असतं हे ते पुन्हा विसरले होते.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे सिलिंडर खाली उतरवले गेले. घारसाहेबांनी प्रत्येकाची तबकडी वाचली आणि जो निकामी निघाला तो स्वतः उचलून बाहेर नेला. बरेच निघाले. प्रमुखांनी आपल्याकडचे तात्पुरते दिले. तो तरणा मशीनवाला न सांगता येऊन दुसऱ्या बाजूने हात लावू लागला. मॅडमनी येऊन सांगितलं, "बढतीचा विषय सध्या राहू द्या. ॲपही राहू द्या. तपासणी आता फोनताई करतील. तुम्ही त्यांना मदत करा." मग थांबून म्हणाल्या, "आणि मावशींचा चष्मा परत करा. त्यांना भाजी निवडायचीय."

घारसाहेब चष्मेवाल्याकडून घरी गेले. दार बायकोने उघडलं. तिने त्यांच्या नाकावरचा चष्मा पाहिला, मग चेहरा पाहिला, आणि तयार ठेवलेलं भांडण तसंच आत ठेवून दिलं. "माझ्या भावाला काय सांगू?" तिने नुसतं विचारलं.

"मीच सांगतो," घारसाहेब म्हणाले. "लग्नाचंही आणि बढतीचंही." आणि खरंच त्यांनी फोन लावला. तो कसा झाला ते इथे सांगण्यात अर्थ नाही, मेहुणा कुणाचाही असो, अशा वेळी तो जे बोलतो तेच बोलला.

दुसऱ्या सकाळी खरी तपासणी सुरू झाली. दाराशी फोनताईंच्या टेबलापलीकडे घारसाहेब खुर्ची टाकून बसले, नाकावर नवा कोरा चष्मा. फोनताई बोट फिरवायच्या आणि विचारायच्या, हे वाचायचे आणि सांगायचे. नाव नसलेल्या बटणांना नावं मिळायला लागली. फिकी अक्षरं काळी करायची ठरली. फोनताई एकेक खोड काढत होत्या, आणि त्यातल्या निम्म्या आपणच पसंत केल्या होत्या हे घारसाहेब न विचारता कबूल करत होते. कबूल करणं एवढं काही अवघड नसतं, असं त्यांना वाटू लागलं होतं. चष्म्यातून एकेक अक्षर मोत्यासारखं दिसत होतं. दोन महिने आपण उगाच वाया घालवले. आता परत सगळं दिसतं. त्यांची छाती किंचित, अगदी किंचित, पुढे आली.

एवढ्यात दारात मॅडम उभ्या दिसल्या. ताठ, निळा पोशाख. काल एवढं झालं, आज तरी अदब दिसावी म्हणून घारसाहेब झटकन उठून उभे राहिले, हात जोडले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "नमस्कार. कालच्याबद्दल खरंच मनापासून माफ करा."

उत्तर आलं नाही. त्यांना वाटलं, राग अजून गेला नाही. ते थोडे आणखी वाकले.

"साहेब," फोनताई म्हणाल्या, "कुणाशी बोलताय? दारातून कुणी आलेलं नाही. मला पावलं ऐकू आली असती."

घारसाहेबांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि वरून पाहिलं. चष्मा जवळचा होता, तो लावून लांबचं काही दिसत नाही, हे चष्मेवाला काल सांगत होता तेव्हा ते "कळलं, कळलं" म्हणून निघाले होते. दारात गाडीत चढवायला आणलेला, एकात एक रचलेला, माणसाएवढा उंच, निळा ढीग उभा होता.

काल सकाळपर्यंतचे घारसाहेब असते तर म्हणाले असते, व्यायाम करतोय. किंवा मॅडम आल्या होत्या, आल्या पावली परत गेल्या. दोन्ही थापा तोंडाशी तयार होत्या.

"बादल्यांशी बोलतोय," ते म्हणाले.

फोनताईंनी फोनवरचं बोट उचललं. "काय म्हणाल्या त्या? केलं का माफ?"

"अजून काही बोलल्या नाहीत."

"मग बसा," फोनताई म्हणाल्या, "आणि पुढचं बटण वाचा."